तेल, मैदा आणि सरकता खण

भट्टीवाल्याला या सहलीतून चोवीस तास मिळायचे होते. तीन रात्री, रात्रीला आठ तास, सगळे झोपेचे. हा हिशेब त्याने पिठाच्या रिकाम्या पोत्यावर कोळशाने मांडून पाहिला होता आणि बेरजेपाशी येईतो त्याला दोन जांभया आल्या होत्या.

सोळा वर्षं तो रोज रात्री दोन वाजता उठत आला होता. दोनला भट्टी पेटवायची, तीनला पीठ मळायचं, सहाला पाव फळीवर लागले पाहिजेत. दुपारी डोळा लागावा तर गिऱ्हाईक, संध्याकाळी लागावा तर पाहुणे. बायको काही सांगायला लागली की पहिल्या वाक्याला तो "हं" म्हणायचा आणि दुसऱ्याला घोरायचा. बायको एका दवाखान्यात बाहेर बसलेल्या रोग्यांचे नंबर पुकारायचं काम करायची. दिवसभर ओरडून तीही दमायची, पण ती दमली की झोपायची. नवऱ्याचं दमणं मात्र नुसतं साठत चाललं होतं.

अशात भट्टीच्या आतल्या विटा ढासळल्या. गवंडी म्हणाला, "चार दिवस लागतील. तोवर विस्तव नाही." हे ऐकून इतका सुखावलेला माणूस त्या गवंड्याने आजवर पाहिला नव्हता.

घरी झोपायची सोय नव्हती. तिथे दुकानाचं दार होतं आणि दार वाजवणारे लोक होते. तेव्हा बायकोचा धाकटा भाऊ दादू मदतीला आला. हा भाऊ लिफ्टची तपासणी करायचा. दार उघडलं तरी पुढे मजला आहे की नाही ते आधी वाकून बघणारा माणूस. त्याच्याकडे एक चाकांवरचं घर होतं. बसएवढी गाडी, आत ओटा, बाकं, कपाट, आणि एक अख्खी खोली, जी टेबलाच्या खणासारखी गाडीच्या भिंतीतून बाहेर सरकायची. घरात तिला सगळे खणच म्हणत. या खणात पलंग होता. झोपायचं तर खण बाहेर काढायचा. निघायचं तर पलंगाचा पायथा दुमडायचा, खण आत घ्यायचा, आणि वाटेत तो सुटून बाहेर येऊ नये म्हणून चार लोखंडी दांडे अडकवायचे.

"दाजी," किल्ली देताना मेहुणा म्हणाला, "खणाला तेवढं जपा. बाकी गाडी जळली तरी चालेल."

"जळली तरी?"

"विमा आहे. पण खण म्हणजे खण." आणि त्याने एक वही पुढे केली. वहीत बावीस नियम होते, सुवाच्य अक्षरात, खाली लाल शाईच्या रेघा. वही इतकी कोरी करकरीत होती, की भट्टीवाल्याला ती पिठाच्या हातांनी धरायचा धीर होईना. त्याने ती बायकोकडे दिली.

तळावर पोचायला दुपारचा एक वाजला. तळ म्हणजे झाडांखालची एक मोकळी जागा, पाण्याचा एक नळ आणि एका ओळीत उभ्या असलेल्या पाच तशाच गाड्या. भट्टीवाल्याने सहावी लावली, इंजिन बंद केलं आणि सरळ पलंगाच्या दिशेने निघाला.

"थांबा," बायको म्हणाली. तिने वही उघडली आणि दवाखान्यातला आवाज लावला. "नंबर एक! गाडी सपाट आहे का ते पाण्याच्या बुडबुड्याने तपासावं."

"सपाट दिसतेय की."

"डोळ्याने नाही. बुडबुड्याने."

ओट्यावरच्या काचेच्या नळीतला बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला होता. मग चाकांखाली फळ्या आल्या, गाडी पुढे, गाडी मागे, "अजून थोडी", "अहो, फार झाली", असं करत पाऊण तास गेला. नंबर दोन, हँडब्रेक. नंबर तीन, बाहेर जाऊन खणाच्या वाटेत झाड, खांब वा माणूस नाही ना ते बघणे. नंबर चार, चारही दांडे काढणे. दांडे न काढता बटण दाबल्यास मोटर आणि दांडे यांच्यात भांडण होईल व मोटर हरेल. हे वाक्य मेहुण्याने दोनदा अधोरेखित केलं होतं.

नंबर पाचला भट्टीवाल्याने बटण दाबलं. खण बाहेर निघाला खरा, पण असा किंचाळत निघाला, की ओळीतल्या पाचही गाड्यांची दारं उघडली आणि झाडांवरचे पक्षी उडून गेले.

शेजारच्या गाडीतून एक म्हातारे गृहस्थ लुंगी सावरत आले. तीस वर्षं टँकर चालवून आता बारा महिने चाकांवरच राहणारे. तळावर त्यांना टँकरकाका म्हणत आणि तळाच्या फाटकाची किल्लीही त्यांच्याकडेच असे.

"रूळ कोरडे पडलेत तुमचे," ते म्हणाले. "आमच्या सगळ्यांचे पडलेत. यंदा धूळ फार."

भट्टीवाला पलंगावर बसला होता. एक पाय वर घेतला होता, दुसरा घ्यायचा होता. तेवढ्यात बायकोने पान उलटलं.

"नंबर चौदा! आवाज आल्यास ताबडतोब रुळांवर कोरडं वंगण फवारावं. तेल कदापि लावू नये, तेलाला धूळ चिकटते."

"उठल्यावर लावतो."

"ताबडतोब लिहिलंय."

"मग फवारा कुठाय?"

फवाऱ्याचा डबा नव्हता. वहीत होता, गाडीत नव्हता. दुसरा कोणी असता तर इथे निजला असता. पण भट्टीवाल्याची सारी हयात एकाच विद्येत गेली होती: चिकटणारी वस्तू न चिकटता बाहेर कशी सरकवायची. ट्रेला तेलाचा हात फिरवायचा, वर मैदा भुरभुरवायचा, पाव आपोआप सुटतो. तेलाला धूळ चिकटते हे मेहुण्याचं म्हणणं त्याला पटलं. म्हणून तर तेलावर आधी मैदा चिकटवून ठेवायचा, म्हणजे धुळीला जागाच उरत नाही. अर्धवट झोपेत हा विचार त्याला फारच बिनतोड वाटला. मैदाही जवळ होता, कारण परक्या पिठावर त्याचा भरवसा नसे. कुठेही गेला तरी पिशवीभर आपलं पीठ सोबत असायचं.

वीस मिनिटांत त्याने ब्रश मारून चारही रूळ पांढरे केले. बटण दाबलं. खण लोण्यातून सुरी जावी तसा आत गेला आणि तसाच बाहेर आला. ना किंचाळी, ना कुरकुर.

टँकरकाकांनी तोंडात बोट घातलं. "अहो, हे काय जादू केलीत?"

इथे भट्टीवाल्याने गप्प बसून झोपायचं होतं. पण सोळा वर्षांत त्याच्या पावाला लोक चांगलं म्हणाले होते, त्याला कोणी म्हटलं नव्हतं. "जादू कसली," तो म्हणाला, "आपला रोजचा हात आहे. तुमचाही करून देऊ का?"

झालं. काकांचा केला, मग त्यांच्या पलीकडच्या गाडीचा, मग त्याच्या पलीकडच्याचा. प्रत्येकाने चहा दिला, आणि चहा म्हणजे झोपेचा उघड शत्रू. सहाव्या गाडीपाशी त्याने ब्रश खाली ठेवला तेव्हा दिवे लागले होते. सारी ओळ त्याला "मिस्त्री" म्हणायला लागली होती. दहाला तो आडवा झाला आणि दोनच्या ठोक्याला सवयीने त्याचे डोळे टक्क उघडले. मग उजाडेपर्यंत तो छताकडे बघत राहिला. बायको शेजारी शांतपणे घोरत होती. मिळाले तास चार.

पहाटे दव पडलं. भट्टीवाल्याने सगळ्याचा विचार केला होता, दवाचा केला नव्हता. मैद्यात पाणी पडलं की काय होतं, हे त्या ओळीत फक्त त्यालाच माहीत होतं, आणि नेमकं तेच त्याला सुचलं नव्हतं.

आठाच्या सुमाराला डोळा लागतो न लागतो तोच दारावर थाप पडली.

"मिस्त्री! अहो मिस्त्री! आमचा खण आत जाईना!"

बाहेर चौघं उभी होती. पाचवा आपल्या खणाला बाहेरून खांदा लावून आत ढकलत होता.

"जोर कमी पडत असेल बटणाला," भट्टीवाला म्हणाला. "हा बघा, माझा कसा जातो." हे सिद्ध करायची काहीएक गरज नव्हती. पण त्याने घाईने पलंगाचा पायथा दुमडला आणि बटण दाबलं. खण अर्ध्यावर आला, चिक् असा आवाज झाला आणि तिथेच बसला.

"बोट काढा!" टँकरकाका ओरडले. "मोटर जळेल!"

बोट काढलं. काकांनी वाकून रुळाला नख लावलं, नखाला आलेलं हुंगून पाहिलं आणि थोडं दाताखालीही धरून पाहिलं. "कणीक आहे," ते म्हणाले. "मीठ घाला, पोळ्या होतील."

"ओल्या फडक्याने पुसू," कोणीतरी सुचवलं.

"नको, नको!" भट्टीवाला म्हणाला. पण मिस्त्रीपण सकाळीच संपलं होतं, त्याचं कोण ऐकतो? पाच गाड्यांतून पाच ओली फडकी निघाली. दुपारपर्यंत कणकेची छान खळ झाली. ती रुळांतल्या चाकांत शिरली आणि दुपारच्या उन्हाने वरून पापुद्रा धरला. शिवाय मुंग्या आल्या. त्या मात्र शिस्तीने, एका ओळीत.

खण बाहेर ठेवून गाडी हलवता येत नाही. अर्धी खोली बाहेर घेऊन रस्त्याला लागलं, की पहिला दिव्याचा खांब पलंगावर येऊन बसतो. त्यामुळे सहाच्या सहा गाड्या जागच्या जागी खिळल्या आणि सहा गाड्यांतली माणसं भट्टीवाल्याकडे बघत बसली. त्याचा स्वतःचा पलंग अर्धा दुमडलेला, उलगडावा तर समोर कपाट. उरलेल्या जागेत बायको तिरकी मावली. तो मावला नाही. तो बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसला. मिळाले तास दोन, तेही तुकड्यातुकड्यांनी.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "मी दादूला फोन केला."

"कशाला?"

"नंबर बावीस. काही अघटित घडल्यास मालकाला कळवावं."

मेहुणा तिसऱ्या दिवशी सकाळी आपल्या छोट्या गाडीतून आला. कपाळाला बॅटरी बांधूनच उतरला. गाडीला एक पूर्ण फेरी घातली, खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

"दाजी, हे काय आहे?"

"मैदा."

"रुळात मैदा का आहे?"

"तेल होतं म्हणून."

"आणि तेल का होतं?"

"फवारा नव्हता म्हणून."

मेहुणा वर आला. "मी बावीस नियम लिहिले," तो म्हणाला, "मैदा लावू नये हा तेविसावा लिहायला हवा होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक माझीच!"

"टोमणे नंतर मार," बायको म्हणाली. "आधी सांग, काढायचं कसं?"

मेहुण्याने वही मागितली, चाळली, परत दिली. लिफ्टमध्ये कणीक अडकल्याचा प्रसंग त्याच्या नोकरीत आलेला नव्हता. मग इतका वेळ पायरीवर डुलत बसलेला भट्टीवाला डोळे न उघडताच म्हणाला, "कच्चं खरवडू नका. भाजू द्या."

"काय?"

"ट्रेला कणीक चिकटली की ओली असताना हात लावायचा नाही. कडक वाळू द्यायची. मग पातळ पातं खाली घातलं की पापडासारखी उचलून येते. आज दिवसभर पाणी नाही, फडकं नाही, कोणी बटणाला हात लावायचा नाही. ऊन खाऊ द्या."

दोन दिवसांत पहिल्यांदा तो झोपेतून नाही, भट्टीतून बोलत होता. म्हणून असेल, ओळीने ऐकलं.

ऊन कडक पडलं. चारला त्याने पिशवीतून आपलं खरवडायचं पातं काढलं आणि पहिल्या गाडीखाली पाठीवर निजला. निजला म्हणजे कामाला निजला. पापुद्रे खरंच सुटायला लागले, कडकड आवाज करत. मेहुणा बॅटरी धरायचा, टँकरकाका कोरड्या ब्रशने चाकं झाडायचे, बायको प्रत्येक गाडीपाशी जाऊन पुकारायची, "नंबर तीन! पुढे या!" अंधार पडेतो तीन गाड्या झाल्या. उरलेल्या चौथ्या दिवशी दव वाळून ऊन चढताच हाती घेतल्या. रुळानंतर कडेचे रबर आले, कारण पीठ तिथेही पोचलं होतं आणि रबरात फट राहिली तर पाऊस आत येतो. रबर पुसून झाल्यावर खणाच्या टपावरची पानं झाडली, कारण ती तशीच आत गेली की त्याच रबराला फाडतात. काकांनी कुठूनतरी कोरड्या वंगणाचा खराखुरा डबा पैदा केला होता.

"हा होता तुमच्याकडे?" भट्टीवाल्याने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या हौसेने करत होता," काका म्हणाले. "वाटलं, मिस्त्री आहे, माहीत असेल."

तिसऱ्या रात्रीचे तास इथे मांडण्यात अर्थ नाही.

शेवटी मेहुण्याचीच गाडी उरली. रूळ लखलखीत, रबर मऊ, मोटर ठीक. फक्त बटण दाबायचं होतं. सगळी ओळ बघायला जमली. मेहुणा बटणांच्या फळीसमोर उभा राहिला आणि उभाच राहिला.

"दाब ना रे," बायको म्हणाली.

"दाजींना दाबू दे."

"का? नियम तुझे, गाडी तुझी."

मेहुण्याने तळहात पँटला पुसला आणि एक बटण दाबलं. स्वयंपाकाच्या ओट्यावरचा दिवा लागला. दुसरं दाबलं. पंखा फिरायला लागला. बायको त्याच्याकडे बघत होती. दवाखान्यात नंबर चुकवून आत घुसणाऱ्यांकडे ती अशीच बघायची.

"दादू, माझ्याकडे बघ. हा खण तू आजवर कितीदा बाहेर काढलायस?"

मेहुण्याने पंखा बंद केला.

"दादू!"

"काढलाच नाही."

"चार वर्षांत एकदाही नाही?"

"काढला नाही म्हणून तर कधी बिघडला नाही!" मेहुणा उसळून म्हणाला. "सोपं वाटतं का ताई तुला? भिंतच्या भिंत बाहेर जाते! परत आली नाही तर? म्हटलं, दाजी धीराचे आहेत, आधी त्यांच्या हातून होऊ दे. जमलं तर मग आपण..."

"आणि तू झोपायचास कुठे रे?"

"पुढच्या सीटवर. मागे रेलते ती. कसले नियम नाहीत, बटण नाही. नुसता एक खटका ओढायचा." मेहुण्याचा आवाज खाली आला. "फार छान झोप लागते, ताई."

ओळ हसायला लागली. बायको हसावं की रडावं या विचारात होती. भट्टीवाल्याने मात्र या सगळ्यातलं एकच वाक्य ऐकलं होतं. "तुझ्या छोट्या गाडीची सीट?" त्याने विचारलं. "तीही रेलते का?"

"तीही रेलते."

मग भट्टीवाल्याने स्वतः पलंगाचा पायथा दुमडला, मेहुण्याचं बोट धरून बरोबर बटणावर ठेवलं आणि मोटरचा आवाज बदलेपर्यंत ते तिथेच दाबून ठेवलं. खण गुमान आत गेला. चारही दांडे त्याने अडकवले, प्रत्येकाला हिसका देऊन पाहिला, बाहेर जाऊन फटीतून हात फिरवून आला. आता हा खण कुठल्याही खड्ड्यात हलणार नव्हता.

मेहुणा म्हणाला की ही गाडी आता तो दाजींच्या हातात देणार नाही, आपणच चालवत नेईल. बायको म्हणाली की मग ती त्याच्याच शेजारी बसेल आणि घर येईपर्यंत त्याला त्याची वही मोठ्याने वाचून दाखवेल, पहिल्यापासून. छोटी गाडी भट्टीवाल्याने मागून आणायची ठरली.

"लगेच निघा हां," बायको खिडकीतून म्हणाली. "दोनला भट्टी पेटवायचीय. गवंड्याचं काम झालंय, दुकानावर पाटी लावलीय, उद्यापासून पाव मिळतील म्हणून."

"निघतोच," तो म्हणाला.

तेव्हा चार वाजले होते. मोठी गाडी वळणावर दिसेनाशी झाली. भट्टीवाला छोट्या गाडीत बसला, काचा थोड्या खाली घेतल्या आणि नुसतं बघावं म्हणून तो खटका ओढला.

सातला बायको घरी पोचली. आठपर्यंत वाट पाहून तिने फोन केला. त्याचा फोन तिच्याच हातातल्या पिशवीत वाजला. तिने टँकरकाकांना लावला.

"इथेच आहेत," काका कुजबुजले. "झोपलेत. समोरच्या काचेवर मी चादर टाकलीय. सगळे दबक्या पावलांनी चाललेत. उठवू का?"

बायकोने हातातली पिशवी खाली ठेवली. सोळा वर्षांत आपण या माणसाला एकदाही झोपू दिलेलं नाही, असं काहीसं बायकोच्या मनात आलं असावं. किंवा तीही दमली असेल.

"नको," ती म्हणाली.

भट्टीवाला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला जागा झाला. एकूण तास सतरा, सलग.

आता हे सतरा तास कोणी भरले ते बघायचं. मेहुण्याने नाही, त्याला घाम फुटला तेवढंच. बायकोने नाही, ती त्या रात्रीही नेहमीसारखी झोपली. पण चार दिवस पाव नसल्याने आणि दुकानावरची पाटी वाचल्याने, पहिला पाव आपल्याला मिळावा म्हणून त्या दिवशी काही लोक रोजच्यापेक्षा तासभर आधी उठले होते. सहा वाजता बंद दुकानासमोर ते रांगेत उभे होते, डोळे चोळत, भट्टीतून धूर का येत नाही म्हणून एकमेकांना विचारत. रांगेत अठरा जण होते. अठरावे एक आजोबा होते, त्यांना तसंही पहाटे झोप लागत नसे, तेव्हा त्यांना धरायचं नाही.